स्रोत क्रमांक एक

सकाळचे साडेसात वाजले होते आणि कारपो खिंडीच्या फाटकापाशी चाळीस गाड्या उभ्या होत्या. गॅसच्या टाक्या भरलेले ट्रक, भाजीचे टेम्पो, सुट्टीवरून परतणाऱ्या लोकांच्या मोटारी. सगळे इंजिन बंद करून निवांत चहा पीत होते आणि अधूनमधून आपापल्या गाडीतल्या, स्टिअरिंगसमोरच्या पट्टीवरच्या दिव्याकडे बघत होते. दिवा हिरवा झाला की फाटक आपोआप उघडणार आणि एकेकाने निघायचं. एके काळी लडाखच्या या खिंडीत हिवाळ्यात गाडी घालायची म्हणजे लोक घरच्यांचा नीट निरोप घेऊन निघत. आता ती भीती उरली नव्हती, कारण सगळ्यांच्या चाकांना ‘बारमाही’ होते.

हे बारमाही टायर चाकणला तयार होत. त्यांच्या चाचण्या घेणारी स्वरूपा लोंढे दोन दिवसांचा प्रवास करून त्या सकाळी फाटकापाशी पोचली होती. उंचीमुळे धाप लागत होती, डोकं ठणकत होतं. हे काम चाकणहून फोनवर झालं असतं तर बरं, असं तिला वाटत होतं.

साधं रबर सात अंशांखाली कडक होतं आणि पकड सोडतं. म्हणून थंड मुलखात मऊ रबराचे वेगळे हिवाळी टायर लागत. उन्हाळ्यात ते भराभर झिजत, तेव्हा ते उतरवून दुसरे चढवायचे. वर्षातून दोनदा ही उस्तवार करायची कुणाला हौस? बारमाहीच्या रबरात बारीक तारांचं ‘स्पर्शजाळं’ विणलेलं होतं. पुढे गेलेली गाडी रस्ता कुठे निसरडा आहे ते मागच्यांना कळवी. मग मागच्या टायरांत सौम्य वीज सुटे आणि रबर मऊ पडे. त्याला दीड मिनिट लागे. पाच हिवाळ्यांत बारमाहीवाल्या गाड्यांचा या खिंडीत एकही अपघात नाही, असा अहवाल स्वरूपानेच लिहिला होता. त्याच्या जोरावर कंपनीने हिवाळी टायरांचे साचे मोडीत काढले.

रोज सकाळची पहिली खबर ‘स्रोत क्रमांक एक’कडून येई. त्याचे आकडे महिनाभर विचित्र येत होते, ते तपासायलाच ती आली होती.

फाटकापाशी एका जुन्या जीपला टेकून साठीचा एक माणूस हात चोळत उभा होता. त्याने पुटपुटत घातलेली मराठी शिवी ऐकून स्वरूपा थबकली.

“काका, इथे स्रोत एक कुठे आहे? खांबावरचं यंत्र असेल.”

माणसाने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “चाकणच्या का तुम्ही? वाईचा हाय मी. भानुदास पिसाळ. सुभेदार व्हतो, आर्मीत गाडीच चालवली जन्मभर.” मग तो थकल्यासारखा हसला. “खांब-बिंब काय न्हाई ओ ताई. काखेत कळसा अन् गावाला वळसा. स्रोत एक मीच की.”

स्वरूपाला आधी ती थट्टाच वाटली. मग त्याने जीपच्या आसाला बसवलेली, मुठीएवढी खबरी पेटी दाखवली. तिच्यावर एकचा आकडा रंगवलेला होता. पाच वर्षं तिने अहवालाच्या आकृतीत त्या जागी एक खांब काढला होता. तिला भयंकर लाज वाटली.

“रोज तुम्ही पहिले जाता? पुढची काहीच खबर नसताना?”

“कुणीतरी जायाच पायजे ना. माझे टायर जुने, स्नो टायर. ते मुळातच मऊ, त्यांना खबर लागत न्हाई.”

“मग बिनड्रायव्हरची गाडी का नाही पाठवत?”

“दोनदा धाडली. दोन्ही टायमाला पहिल्या वळणावर थांबून बसली. म्हणती, पुढची खबर द्या.” भानुदासने टायरवर लाथ मारली. “शाणी हाय ती. माझ्यासारखी न्हाई.”

स्वरूपाने वाकून खाचांत मोजपट्टी घातली. हिवाळी टायरच्या खाचा चार मिलिमीटरच्या खाली गेल्या की बर्फावर तो नावापुरताच उरतो. इथे जेमतेम तीन भरल्या. आकडे विचित्र का येत होते ते तिला कळलं. यंत्राला काही झालेलं नव्हतं. माणूस रोज घसरत होता.

“तुम्ही नवे मागवले नाहीत?”

“तीनदा मागवले. उत्तर आलं, माल बंद झालाय, बारमाही घाला. आता पहिल्या गाडीला बारमाही घालून काय उपेग? त्याला खबर कोण देणार, माझा बा?”

“बारमाही सतत मऊच राहतील असे करून देता येतील…” ती बोलता बोलता थांबली. खबर मिळालेली गाडी निसरडी जागा ओळखून हळू जाते, तिला मऊ रबर पुरतं; खबरीविना जाणाऱ्याला बर्फ धरायला हिवाळी टायरच्या बारीक, दाट खाचाच लागतात, आणि त्या खाचांचे साचे आता नव्हते. हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“बसा,” भानुदास म्हणाला. “बघा तरी काय लिवलंय तुम्ही.”

ती बसली. पहिली चार वळणं बरी गेली. स्टिअरिंगवरची भानुदासची बोटं सारखी हलत होती, पीठ तिंबताना हलतात तशी. पाचव्या वळणावर रस्ता कोरडा दिसत होता. तो काचबर्फ होता, डांबर आरपार दिसेल इतका पातळ आणि पारदर्शक थर. जीपचा मागचा भाग हलकेच दरीकडे निघाला. भानुदासने ब्रेकला पाय लावला नाही. घसरण्याच्या दिशेनेच त्याने चाक फिरवलं, धीर धरला आणि कडेच्या दगडापासून हातभर अंतरावर गाडी सरळ केली. पेटीने ‘टिक्’ असा आवाज केला.

“झालं. मागच्या चाळीसांना कळलं,” तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

माथ्यावर पोचल्यावर त्याने जीप बाजूला घेतली. पंधरा मिनिटांत मागच्या गाड्या आल्या आणि निघून गेल्या. कुणी गाणी ऐकत होतं, कुणी सफरचंद खात होतं. कुणी जीपकडे पाहिलं नाही.

“वाईट वाटतं का?” स्वरूपाने विचारलं.

“छ्या. दमलोय फकस्त.” त्याने डोळे मिटले. “लेक म्हणती घरी या. पण सोडून कसं जायाचं? खिंडीपल्याड चौदा गावं हायती. गॅस, दवापाणी, समदं ह्याच रस्त्यानं जातं.”

खाली आल्यावर स्वरूपाने आपल्या अधिकारात असलेली एकच गोष्ट केली. चारही टायर वापरायला अयोग्य, असा शेरा मारला आणि सही केली. भानुदासने कागद वाचला, घडी करून खिशात घातला. “बरं केलं, पोरी,” एवढंच म्हणून तो झोपायला गेला. त्याचे खांदे सुटले होते.

दुपारी तिने चाकणला फोन लावला. उद्या रस्ता बंद ठेवा, म्हणाली. साहेब म्हणाले, “रस्ता आपला नाही. सोमवारच्या बैठकीत घेऊ. आणि स्रोत नसेल तर काय करायचं, त्याची नियमात तरतूद आहे. तूच लिहिलीस ना?”

तिने नियम उघडले. वाक्य तिचंच होतं: ‘स्रोत क्रमांक एक उपलब्ध नसल्यास रांगेतील पहिले वाहन स्रोत समजावे.’ खांबावरचं यंत्र कधीतरी बंद पडेल, म्हणून तिने ते सहज घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला ती फाटकापाशी उभी होती. रांगेत पहिली एक निळी मोटार होती. आत पलीकडच्या गावातल्या शाळेचे मास्तर आणि त्यांची बायको. मास्तर खुशीत होते. “आज पहिला नंबर लागला,” ते हिंदीत म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या समोरच्या पट्टीवरचा दिवा हिरवा झाला आणि फाटक उघडलं. स्वरूपा मोटारीच्या आडवी उभी राहिली. धापा टाकत तिने त्यांना सगळं सांगितलं. जीप, खाचा, खबर, स्वतःचं ते वाक्य. काही लपवलं नाही.

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. मग मोटार वळवून रस्त्याच्या कडेला लावली.

तेवढ्यात मागच्या गॅसच्या ट्रकचा दिवा हिरवा झाला आणि त्याचं इंजिन धडधडू लागलं. स्वरूपा तिकडे वळली. मास्तरांनी काच खाली केली.

“मॅडम, त्यालाही बाजूला घ्याल, त्याच्या मागच्यालाही घ्याल,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण आमच्या गावातल्या चुली पेटायच्या असतील, तर शेवटी कुणाला हे न सांगता पहिलं जाऊ देणार?”