तीनच्या पुढे

माल उचलणाऱ्या साध्या फोर्कलिफ्टला वर आणि खाली एवढंच कळतं. थोरल्या भावाच्या मशीनचा हात मात्र एकात एक बसवलेल्या नळ्यांसारखा पुढेही निघे, आणि बांधकामाच्या चौथ्या मजल्यावर, भिंतीच्या उघड्या जागेतून, विटा रचलेला लाकडी पाट, म्हणजे पॅलेट, थेट आत नेऊन ठेवी. साइटवर सगळे त्याला ‘जिराफ’ म्हणत. हात जितका लांब काढावा तितकं त्याला वजन कमी पेलतं, म्हणून त्यावर, हात बाहेर निघेल तसे एकेक दिसणारे, एक ते चार आकडे रंगवलेले होते. विटा असल्या की तीनच्या पुढे जायचं नाही, नाहीतर अख्खं मशीन तोंडावर आपटणार. या बाबतीत थोरला कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

वर माल उतरवून घ्यायला धाकटा भाऊ असे. खालून पॅलेटमागचं काही दिसत नसे. दिसत ते फक्त विटांच्या वर उंचावलेले केशरी हातमोजे. ते बोलावत, तसतसा थोरला मशीनचा हात पुढे सरकवी.

जेवणाच्या सुट्टीत धाकटा फणकारला, "दादा, डोळे फुटलेत का तुझे? मी थांब थांब ओरडतोय आणि तू आपला आत घुसतोयस!"

"तूच तर ये ये करत होतास."

"मी? मी दोन्ही हातांनी विटा ढकलत होतो. मागे भिंत आहे रे."

थोरल्याला हसू आलं नाही. घरी धाकट्याची पोर नुकतीच पालथी पडायला लागली होती.

"आता हातांकडे बघायचंच नाही," तो म्हणाला. "तीन दिसला की मी थांबणार. तू जिन्यापाशी उभा राहा. इंजिन बंद झाल्याशिवाय पुढे येऊ नकोस."

सुट्टीनंतरच्या पहिल्याच खेपेला केशरी मोजे वर आले. ये. ये. तीनचा आकडा दिसताच थोरला थांबला. पॅलेट अलगद टेकवलं. मोजे बोलावतच राहिले. त्यांना कसली घाई दिसत नव्हती.

त्याने इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि धावतच जिना चढला.

धाकटा विटा आणि भिंत यांच्यामध्ये अडकला होता. त्याच्या हातांत मोजे नव्हतेच. श्वास पुरता घेता येत नव्हता.

"लागलं नाही," तो म्हणाला. "पण दादा, मी जिन्यापाशीच उभा होतो."

थोरला भराभर विटा उतरवू लागला.

"मशीन बंद आहे ना?"

"किल्ली माझ्या खिशात आहे."

धाकटा थोरल्याच्या खांद्यावरून बाहेर बघत होता.

थोरल्याने मान वळवली.

आवाज कसलाच नव्हता. तीनच्या मागून, ग्रीसने माखलेला चारचा आकडा सावकाश बाहेर येत होता.