शेठाणीचा खण

"हे कपाट मी घेतलं."

अकोल्यातल्या जुन्या फर्निचरच्या एका दुकानात, धुळीने माखलेल्या सागवानी कपाटावर हात ठेवून आचल म्हणाली. कपाट जेमतेम तिच्या खांद्याएवढं. वर दोन दारं, खाली एकच रुंद खण. पण मनात भरलं म्हणजे भरलंच.

"असं कसं?" कपाटाच्या मागून आवाज आला. "मी तं अर्ध्या घंट्यापासून याच्यापाशी उभा आहो."

"नुसतं उभं राहून कपाट भेटत नाही. घेतो म्हणा लागते."

वाकून कपाटाची पाठ पाहणारा एक उंच तरुण मागून बाहेर आला. केसांत कोळ्याचं जाळं, नखांत काळी माती, आणि चेहऱ्यावर असं हसू की भांडायला निघालेल्या माणसाला पुढचं वाक्यच सुचू नये.  आचलने पर्समधून टेप काढला आणि सरळ कपाट मोजायलाच घेतलं... हात कुठेतरी गुंतवायला हवे होते.

त्याने टेपचं दुसरं टोक धरलं. "भांडण आपल्या जागी, माप आपल्या जागी. पण पर्समधी टेप कोण ठेवते?"

"मोजणी खात्यात आहो मी. भूकरमापक. अमरावतीले."

खरंच होतं ते. गेली चार वर्षं आचल लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजत होती आणि स्वतः मात्र तीन मुलींसोबत एका खोलीत राहत होती. चांदूर बाजारच्या घरी गेलं की सगळं आईच्या मांडणीचं. या दिवाळीनंतर तिने अमरावतीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा पहिल्यांदा तिच्या हाताला एक दार आलं ज्याची किल्ली फक्त तिच्याकडे होती. तिने ठरवलं, या घरातली एकेक वस्तू आपण आपल्या हाताने उभी करायची. मोबाइलवर बघून बघून तिने एक स्टूल घासून, पॉलिश करून चकचकीत केलंही होतं. त्याच्या शेजारचं टेबल अजून लंगडत होतं, तो भाग वेगळा.

दुकानाचे मालक खुशालराव गल्ल्यावरून उठून आले. "दोघंबी थांबा. हे कपाट एकटं जात नाही." त्यांनी खालचा खण ओढला. आत, सुतळीच्या गुंडाळीवर डोकं टेकून, हळदी रंगाची एक मांजर झोपली होती. एका कानाचा कोपरा तुटलेला. तिने एक डोळा उघडून दोघांना पाहिलं, आणि दोघेही पसंत न पडल्यासारखा मिटून घेतला.

"ही शेठाणी. दुकान माह्या नावावर, चालते हिचं. मी दुकान बंद करून पोरीकडे चाललो नागपूरले. हिचा जीव या खणात हाये, म्हून कपाट जाईन तं हिच्यासंगंच जाईन."

"नेतो की," तरुण म्हणाला.

"मी पण नेते," आचल म्हणाली. तिने जन्मात मांजर पाळली नव्हती. पण बोलून गेली.

खुशालरावांनी जरा विचार केला आणि निवाडा दिला. कपाट महिनाभर पोरीकडे. शेठाणी रमली तर दोन्ही तिची. नाही रमली तर दोन्ही या नितेशची, कारण दुकानात आधी तो आला होता. "आन् रमली का नाही हे पाहाले दर रविवारी हा येईन. मांजर शेपटी उभी करून दारात सामोरी आली, का समजायचं घर तिचं झालं. तोवर नाही."

"दर रविवारी अमरावतीले?" नितेश म्हणाला. आणि मग, टेप गुंडाळत बसलेल्या आचलकडे पाहून, "हरकत नाही."

पहिल्या रविवारी तो आला तेव्हा शेठाणीने आठ दिवसांत खणातून फक्त खाण्यापुरतं तोंड बाहेर काढलेलं. आचल रडकुंडीला आली होती. नितेशची अकोल्याला रोपवाटिका होती, मूळ गाव हिवरखेड, घरात पिढ्यांपासून शेवंतीचा मळा. त्याने पिशवीतून एक कुंडी काढली. त्यात चार बोटं वाढलेला गहू होता.

"मांजराले कोवळं गवत लागते. आन् दुसरं, दोन खोल्या एकदम दाखवू नका तिले. एकच द्या. आन् तिच्याकडे पाहू नका."

"मंग कुठी पाहू?"

"दुसरीकडे कुठीबी. तिले पाहिलेलं आवडत नाही, भेव लागते."

दोघं भिंतीला टेकून फरशीवर बसली. खोलीत एक स्टूल, एक लंगडं टेबल आणि एक कपाट. कपाटाकडे पाहायचं नाही. मग उरलं काय? आचलने स्टूलकडे पाहिलं. नितेशने टेबलकडे पाहिलं. थोड्या वेळाने दोघांच्याही लक्षात आलं, की आपण भलतीकडेच पाहतो आहोत... आणि खणात सुतळी खसपसली.

"आली का बाहेर?" तिने कुजबुजत विचारलं.

"मले काय माहीत," तो तिच्याकडेच पाहत म्हणाला. "मी कुठी पाहून राहिलो तिकडे?"

तो गेल्यावर आचलने आरशात पाहिलं तर कानांच्या पाळ्या लाल. थंडीने असेल, असं तिने स्वतःला समजावलं. थंडी अजून पडायची होती.

दुसऱ्या रविवारी कपाटाची दारं काढून दोघांनी गच्चीवर नेली. तो फळी धरायचा, ती काचकागद फिरवायची. शंभर वर्षांचं मेण आणि धूर निघत गेला, आणि खालून सागाची सोनेरी रेषा वर आली तेव्हा आचलने "पाहा, पाहा" म्हणून त्याचं मनगटच धरलं. दोघांनी रेषेकडे पाहिलं. मनगट सोडायला मात्र बराच वेळ लागला.

घासलेला भुसा ती एका गोणीत भरून ठेवायची. टेबलाच्या पायाच्या भेगा बुजवायला तोच भुसा डिंकात कालवायचा, हे तिला मोबाइलनेच शिकवलं होतं. त्या दिवशी शेठाणी पहिल्यांदा गच्चीच्या पायरीपर्यंत आली आणि गव्हाचं पातं खाऊन परत खणात गेली. शेपटी जमिनीलाच होती. पण आचलला वाटलं, आपण एखादा डोंगर मोजून आलो.

खाली राहणाऱ्या घरमालकीण मनकर्णाकाकू वाळवण गोळा करता करता म्हणाल्या, "मांजर पाहाले अकोल्याहून पोट्टा येते? आमच्या वेळी तं लोक पोरगी पाहाले येत, बाप्पा."

"काकू, मांजरच पाहाले येतात ते."

"मी कुठी काही म्हणलं?"

तिसऱ्या रविवारी शेठाणी नितेशच्या पिशवीवर जाऊन बसली. आचलच्या पापणीवर भुसा उडाला होता, तर तो म्हणाला, "हलू नका," आणि आपल्या खांद्यावरच्या, उन्हात डोक्याला बांधायच्या दुपट्ट्याच्या टोकाने त्याने तो अलगद टिपला. इतक्या जवळून तिला त्याच्या हातांचा वास आला. ओल्या मातीचा, शेवंतीचा. ती हलली नाही. भुसा निघाला तरी हलली नाही.

"पुढचा रविवार शेवटचा," जाताना तो म्हणाला.

"हो."

"रमतेच आहे ती. कपाट तुमचंच होईन."

"हो ना..."

आनंद व्हायला हवा होता. झालाही. आणि त्या आनंदाच्या पोटात एक खडा टोचत राहिला. शेठाणी रमली, की नितेशला यायचं कारण संपलं. नाही रमली, तर शेठाणीच जाणार. हद्दीची भांडणं रोज सोडवणाऱ्या आचलला ही एक हद्द कुठून मोजावी ते कळेना. तो दुपट्टा विसरून गेला होता. तो तिने घडी करून उशीखाली ठेवला, हे कोणाला सांगायचं कारण नव्हतं.

शनिवारी तिला हुरूप आला. उद्या तो येईल तेव्हा कपाट पुरं झालेलं असावं. एवढा खालचा खणच राहिला होता, आत शेठाणी झोपायची म्हणून. ती खिडकीत ऊन खात बसलेली पाहून आचलने खण बाहेर काढला, सुतळी फेकली, आतून-बाहेरून घासला, स्पिरिटने पुसला. नव्यासारखा झाला. तिने कौतुकाने तो जागेवर सरकवला आणि शेठाणीला हाक मारली.

शेठाणी आली. खण हुंगला. पुन्हा हुंगला. मग तिने आचलकडे असं पाहिलं, की आचलचे हात स्पिरिटच्या बाटलीवरच थिजले. आणि ती उघड्या खिडकीतून उडी मारून निघून गेली.

संध्याकाळी आली नाही. सकाळीही नाही. चार गल्ल्या पालथ्या घालून आचलने नितेशला फोन लावला. "शेठाणी गेली," एवढंच बोलता आलं.

पलीकडून लगेच प्रश्न आला. "खण घासला का?"

"...हो."

"कुत्रं माणसाचं, मांजर घराचं, असं म्हणतात ना. तिचं घर तेवढंच होतं, आचल. त्याचा वासच तू पुसून टाकला." तो रागावला नव्हता. पण आज पहिल्यांदा 'तू' म्हणाला. आणि अशा वेळीही तिला ते ऐकू आलं. "भुसा फेकला का? त्या खणाचा?"

"नाही. गोणीत वरच्या थराले आहे."

"मंग तिचं घर गोणीत आहे. तो खणात पसर. मी निघालो."

आचलने ओंजळी भरभरून भुसा खणात पसरला. वरून उशीखालचा दुपट्टा अंथरला, कारण शेठाणी त्याच्या पिशवीवर बसली होती ना, म्हणून. मग गोणीत अजून भुसा उरला. आणि तिच्या हातांनी ते केलं जे चार वर्षं ते करत आले होते. शेताची हद्द दाखवायला चुन्याची फक्की टाकतात, तशी ती भुशाची रेघ टाकू लागली. खणापासून दारापर्यंत, दारातून जिना, जिन्यावरून अंगण, फाटक, आणि फाटकाबाहेर थेट डांबरी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत, जिथे ऑटो थांबतो. सरळ, एका मापाची.

"कोणाची हद्द काढून राहिली?" मनकर्णाकाकू म्हणाल्या.

"काकू, शेठाणीले रस्ता दाखवून राहिली."

काकूंनी रेघ पाहिली, कोपरा पाहिला, आणि तुळशीला पाणी घालायला गेल्या.

आभाळ भरून आलं होतं. मार्गशीर्षात कधीमधी येतं तसं. आचल खोलीत भिंतीला टेकून बसली आणि शिकवल्याप्रमाणे कपाटाकडे पाहायचं टाळून स्टूलकडे पाहत राहिली. तास गेला. दोन गेले. खिडकीच्या कठड्यावर काहीतरी मऊ आपटलं. तिने मान वळवली नाही. पावलं फरशीवरून गेली, थांबली. हुंगल्याचा आवाज आला, बराच वेळ. मग भुसा खसपसला, आणि दुपट्ट्यावर कोणीतरी गोल गोल फिरून जागा केली. आचल तोंडावर हात दाबून रडली, पण स्टूलकडेच पाहत.

तेवढ्यात पावसाचे थेंब पडू लागले. फाटक वाजलं. जिन्यावर चपला वाजल्या, पण फार हळू. ती उठणार, त्याआधीच खणातून शेठाणी बाहेर आली. अंग ताणलं. आणि शेपटी सरळ आभाळाकडे करून ती चालत दारापर्यंत गेली.

दारात नितेश होता. अर्धा भिजलेला, कारण हातातली छत्री त्याने डोक्यावर नाही, वाकून जिन्यावरच्या रेघेवर धरली होती.

"आली?" त्याने विचारलं, आणि मग पायाला अंग घासणारी शेठाणी पाहिली. ती उभी शेपटी पाहिली. हसला. मग हसू जरा उतरलं. "म्हणजे रमली. कपाट तुह्यं झालं. खुशालरावांले फोन करतो."

"कर."

"माह्यं काम संपलं मंग." त्याने छत्री मिटली. "दुपट्टा तेवढा राहिला होता..."

"दुपट्टा नाही भेटणार. शेठाणीनं धरला तो."

"बरं." तो वळला, दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "एक विचारू? शेठाणी कुठून आली?"

"खिडकीतून."

"खिडकीतूनच येते ती. भिंतीवरून, कठड्यावरून. जिना कधी चढली का?"

आचल पायाच्या अंगठ्याने उंबऱ्यावरचा भुसा सारखा करू लागली.

"रेघेवर एकबी पंजा नाही. मी कोपऱ्यापासून पाहत आलो. नुसत्या माह्या चपला." त्याचा आवाज हळू झाला. "मंग ही रस्त्यापर्यंत कायले काढली, आचल?"

पाऊस जिन्यावर टपटपत होता. ती खोटं बोलू शकली असती. पण मोजणीच्या नकाशावर एकदा काढलेली रेघ खोटी म्हणता येत नाही, हे तिला खात्याने चार वर्षं शिकवलं होतं.

"तिच्यासाठी भुसा खणात होता," ती म्हणाली. "ही रेघ ज्याच्यासाठी काढली, तो आला."

नितेश दोन पायऱ्या परत चढला. त्याच्या केसांतलं पाणी तिच्या हातावर पडलं, कारण हात आता त्याच्या हातात होता. "मले वाटत होतं, मांजर रमू नये," तो म्हणाला. "दर रविवारी देवाले तेच मागत होतो. आन् दर रविवारी तिच्यासाठी गहू पेरून आणत होतो. याड लागल्यासारखं झालं होतं."

"मले पण. रमावी आन् रमू नये, दोन्ही."

"आता पुढच्या रविवारी काय सांगून येऊ?"

"पुढच्या रविवारी चांदूर बाजारले यायचं," आचल म्हणाली. "आईबाबांले दाखवायचं आहे."

"मांजर?"

"मांजरही."

खाली मनकर्णाकाकूंनी हाक मारून विचारलं, चहा दोन कप ठेवू का तीन. शेठाणी तोवर खणात परत गेली होती, दुपट्ट्यावर, आणि तो खण पुढे कधीच कोणी घासला नाही.