मागची खोली देणे आहे

बिल्डिंगमध्ये तिला दातवाल्या ताई म्हणत. एका प्रयोगशाळेत ती कवळ्या बनवायची. मेणाचा साचा, गुलाबी हिरड्या, त्यात चिमट्याने एकेक दात बसवायचा. नजर पक्की, हात स्थिर. धाकटी बहीण बदली होऊन दुसऱ्या गावी गेली आणि त्याच महिन्यात प्रयोगशाळेने ताईचे कामाचे दिवस निम्म्यावर आणले. दोघींनी मिळून घेतलेलं भाड्याचं घर एकटीच्या आवाक्यातलं राहिलं नाही. घरमालकाच्या हातापाया पडून तिने मागची खोली पोटभाड्याने द्यायची परवानगी मिळवली. महिनाअखेरपर्यंत माणूस मिळाला नाही तर घर सोडायचं, असं त्याने बजावलं होतं. आणि तिला जायला दुसरं ठिकाण नव्हतं.

खोली लहान, पण नेटकी. लोखंडी खाट, भिंतीतलं कपाट, गजांची एक खिडकी. ताईने फरशी घासून काढली, खाटेवर धुतलेली चादर ताणून घातली.

पहिली आली ती एक नर्स. तिला खोली दाखवून ताई चहा टाकायला वळली, तोवर नर्स बाहेर येऊन चपला घालत होती. खोली गेलीय हे आधी सांगायचं, उगाच खेप पडली, असं पुटपुटत ती जिना उतरली. पसंत पडली नसेल, ताईला वाटलं, म्हणून काहीतरी निमित्त काढलं.

दुसरे एक निवृत्त टायपिस्ट. ते आत गेले आणि त्यांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. "बरं... अच्छा... नाही, तुमची हरकत असेल तर राहू दे." मधे मधे थांबत, समोरच्याला बोलू देत. बाहेर येऊन म्हणाले, "त्या बाईंचा हलायचा विचार दिसत नाही."

"कोण बाई?"

त्यांनी कीव आल्यासारखं ताईकडे पाहिलं आणि छत्री उचलली.

ताईने खाटेखाली वाकून पाहिलं, कपाट उघडलं, खिडकीचे गज हलवून बघितले. चादरीवर एक सुरकुती नव्हती.

पुढच्या आठवड्यात आणखी चौघे तसेच परतले. महिना संपायला तीन दिवस उरले, तेव्हा भर दुपारी ती त्या खोलीत फरशीवर बसली आणि रिकाम्या खाटेपुढे हात जोडले. तिचं तिलाच हसू यायला हवं होतं, आलं रडू.

"तुम्ही राहा," ती म्हणाली. "पण मलाही राहू द्या. कुठे जाऊ मी?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं.

दुसऱ्या दिवशी नवं लग्न झालेलं एक जोडपं आलं. या वेळी ताई दारातच उभी राहिली. दोघं आत गेले आणि थबकले. दोघांच्या नजरा खाली वळल्या, खाटेवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर. बायको लक्ष देऊन ऐकत होती. मग हसली.

"चालेल की," ती म्हणाली. "आम्हाला पुढची खोलीही चालेल."

"पुढच्या खोलीत मी राहते," ताई म्हणाली.

कुणी वळून पाहिलं नाही.

"पुढची खोली गुरुवारी नक्की रिकामी?" नवऱ्याने खाटेकडे बघत विचारलं. थोडा थांबला. मग त्याने मान डोलावली.

वाटेतल्या खुर्चीला वळसा घालावा तसे ते ताईच्या बाजूने बाहेर आले. पुढच्या खोलीत बायकोने ताईचं कपाट उघडलं.

"हे सगळं इथल्या बाई नेणार ना?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. काहीच न्यायचं नाहीये म्हणे त्यांना," बायको हळू आवाजात म्हणाली आणि एकेक हँगर बाजूला सारत, आपल्या मापाचं काही सापडतंय का ते पाहू लागली.