स्कार्वे बेटाची लाल पायरी

स्कार्वे बेटावरच्या प्रयोगशाळेत गुरुत्वमापीचा आकडा पुन्हा तोच आला, तेव्हा हेमांगी तारीने यंत्राच्या काचेवर टिचकी मारली. टिचकीने यंत्र सुधारत नाही हे ती जाणून होती. पण तिचे वडील होडीच्या इंजिनाला अशीच टिचकी मारत, आणि सवयीला पदवी कळत नाही.

"कितीही मार, समुद्र खालीच गेलाय," टेबलापलीकडून आसमुंड म्हणाला.

आसमुंड मोठ्या भूमीच्या सरकारचा भूमापक. मोठी भूमी आणि स्कार्वे बेट यांच्यामध्ये एक चिंचोळी सामुद्रधुनी. बेट ध्रुवाच्या इतकं जवळ, की तिथली मांजरं स्वतःची सावलीसुद्धा पोटाखाली घेऊन झोपतात. खोटं वाटत असेल तर जाऊन पाहा; मांजर उठवून दाखवणार नाही, तेवढं सांगून ठेवतो.

"माझ्या वरिष्ठांच्या डोक्यात अजून शिरत नाही," आसमुंड म्हणाला. "जगभर समुद्र चढतोय आणि इथेच कसा उतरतो? सोपं करून सांग, तसंच कळवतो."

"वजन म्हणजे ओढ," हेमांगी म्हणाली. "तुमच्याकडचं हिमपठार एवढं जड होतं, की त्याने समुद्राला स्वतःकडे ओढून धरलं होतं. पाणी इथे फुगून उभं होतं. बर्फ वितळलं, ओढ सुटली. मग ते पाणी दूर निघून गेलं. जवळचा समुद्र उतरतो, लांबचा चढतो."

"जमीन वर आली असेल, असंही ते म्हणतील."

"आलीय ना, तीळभर. तीही मोजलीय. बाकी सगळं पाणीच सरकलंय."

"लांब म्हणजे कुठवर?"

टेबलावर लाल, भोकाभोकांचा एक जांभा दगड होता. हेमांगीने तो उगाच सरळ केला.

त्या आकड्यात बेटाचा जीव अडकला होता. फार पूर्वी मोठ्या भूमीच्या राजाचं जहाज देवमाशांच्या मागे येऊन बर्फात रुतलं. बेटकऱ्यांनी राजाला हिवाळाभर वाळवलेल्या माशांवर जगवलं. निघताना तो म्हणाला, माग काय हवं ते. तेव्हाची म्होरकी म्हणाली, "पुन्हा येऊ नका." राजाला हसू आलं आणि त्याने बेटाला स्वराज्य दिलं: जोवर बेटाची जमीन मोठ्या भूमीच्या जमिनीला लागत नाही, तोवर बेटाचा कारभार बेटाकडे आणि बेटाची चालरीत हाच बेटाचा कायदा. मधला समुद्र कोण उचलून नेणार, असं राजाला वाटलं. हा करार तिथल्या पोरांना बाराखडीआधी पाठ होतो.

आणि आता उधाणाच्या, म्हणजे सर्वांत खोल जाणाऱ्या, ओहोटीला सामुद्रधुनीचा तळ उघडा पडणार होता. जमीन जमिनीला लागणार होती.

बेटाची म्होरकी थोर्डिस आजी. सभा भरायची तिच्या मासे वाळवायच्या शेडमध्ये. कुणी लांबलचक बोलू लागला की आजी वरची दोरी सैल करी आणि एक कॉड मासा त्याच्या डोक्यावर येई. ओहोटीच्या आदल्या दिवशी ती सुपाचं भांडं घेऊन प्रयोगशाळेत आली.

"आजी, मी आकडा थोडा..." हेमांगीने यंत्राकडे बोट केलं. "कुणाला कळणार नाही."

"मला कळेल. खोट्या आकड्यावर टिकलेलं राज्य मला नको. सूप गार होतंय, गिळ आधी." आजीने जांभा दगड उचलला. "हा कसला गं? पावासारखा दिसतो."

"आमच्या दाराची पायरी होती, कोकणात. आता तिथे समुद्र आहे. तेवढा तुकडा बाबांनी दिला. त्या पायरीवर पाय धुतल्याशिवाय बाबा कलेक्टरलासुद्धा घरात घेत नसत."

"आणि समुद्र?"

"तो पाय धुऊनच आला होता, त्याला काय म्हणणार!"

आजी हसली नाही. तिने दगड बराच वेळ मांडीवर धरला, मांजर धरावं तसा. मग विचारलं, "उद्या हा मला देशील?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी ओसरलं. काळी, ओली खडी चमकू लागली. जमीन जमिनीला लागल्याची नोंद करायला पलीकडून आसमुंड चालत निघाला, तोंड पाडून. बेटावरचा वाळका मासा त्यालाही आवडायचा. इकडे सगळं बेट काठावर उभं होतं.

"थांब तिथेच, पोरा!" आजी ओरडली. "आधी या शहाणीला एक विचारायचंय. हेमांगी, इथलं पाणी गेलं कुठं?"

"दूरच्या किनाऱ्यांवर, आजी."

"तुझ्या बापाच्या दारात?"

"हो." हेमांगीने मान खाली घातली. "तिथेही."

"मग आसमुंड, आमची चालरीत ऐक. समुद्र इथे एकाचं अंगण गिळतो आणि दुसऱ्याच्या दारात जमीन टाकतो, पहिल्यापासून. म्हणून उघडी पडलेली जमीन काठावाल्याची नसते. त्या पाण्याने ज्याचं घेतलं, त्याची ती. त्याने आपल्या बुडालेल्या जागेचा दगड आणून रोवायचा, की झालं." तिने जांभा हेमांगीच्या हातात ठेवला. "जा. रोव."

आसमुंड गोंधळला. "पण आजी, ते पाणी शंभर देशांत गेलं असेल!"

"मग येऊ देत त्यांना दगड घेऊन. पट्टा लांब आहे."

आसमुंड विचार करू लागला. माणूस सरकारी असला तरी प्रामाणिक होता. हेमांगीचं शास्त्र खरं मानलं, तर मधला पट्टा हेमांगीच्या घरचा, तारींचा. म्हणजे दोन्ही भूमी अजूनही एकमेकींना लागत नव्हत्या. आणि शास्त्र खोटं मानलं, तर समुद्र उतरलाच का, हे त्याला सांगता येईना. तो जागच्या जागी थबकला. मग अगदी सावकाश, उलट्या पावली, मागे सरकला.

हेमांगीने गुडघे टेकून काळ्या खडीत लाल दगड बसवला. तिला नीट दिसत नव्हतं. आजीने हात धरून सरळ करवला.

पुढच्या उन्हाळ्यात, उधाणाच्याच ओहोटीला, तिचे बाबा आले. दोन स्वेटर, त्यावर कांबळं, आणि कानात हेमांगीने बसवलेला कर्णदुभाषी, जो त्यांचंही बोलणं समोरच्याच्या भाषेत सांगे. पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून झाल्यावर म्हणाले, "हयसर माड काय रुजाचो नाय गो." मग वाकून दगडावरून तळवा फिरवला. कितीतरी वेळ तो उचललाच नाही.

थोर्डिस आजी बेटाच्या काठावर येऊन उभी राहिली. "दादा, आमच्या पाण्याने तुमचं दार नेलं. माफी असावी."

बाबांनी कानातलं यंत्र दाबून धरलं, ऐकलं. "तुमी काय मुद्दाम धाडलास?" ते म्हणाले. "पाण्याक घर नसता, बाये."

पलीकडच्या काठावर मोठ्या भूमीचा मंत्री, आसमुंडला सोबत घेऊन, ताटकळत होता. बोलणी करायला त्याला बेटावर यायचं होतं, आणि दोन्ही सरकारांच्या मध्ये कोकणातला एक गाबीत मच्छीमार म्हातारा कमरेवर हात ठेवून उभा होता.

"येऊ का?" मंत्र्याने विचारलं.

"येवा, येवा," बाबा म्हणाले, आणि लाल दगडाकडे बोट दाखवलं. "पण पाय धुवन."

मंत्र्याने आसमुंडकडे पाहिलं. आसमुंड आधीच खाली बसून बूट काढत होता.