सुईच्या टोकाची ऊब

काचेमागे एकच कलेजी उरली होती, आणि तिच्याकडे दोघांनी एकदमच बोट दाखवलं.

"ही माझी," ती म्हणाली.

"माझ्याकडे तीन आजारी कुत्री आहेत," तो म्हणाला. "तुमच्याकडे कोण आहे?"

"माझ्याकडे... एक सुई आहे."

खाटकाने सुरी उचलली. "अर्धी-अर्धी करू?"

"नको, मला अख्खी लागते."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. दुकानाच्या छपराखाली उभं राहून तिला सगळं सांगावंच लागलं. ती इंजिनीअर होती. तिची सुई थेट कॅन्सरच्या गाठीत जायची, टोकातून मायक्रोवेव्हची उष्णता सोडायची आणि गाठ आतल्या आत जाळायची. नवी सुई माणसाला टोचण्याआधी मांसावर तपासून बघावी लागे.

"म्हणजे तुम्ही मायक्रोवेव्हमध्ये कलेजी शिजवता."

"उलट. कलेजीत मायक्रोवेव्ह घालते."

तो खळखळून हसला. प्राण्यांचा डॉक्टर होता. बाहीवर मांजराचे केस, हातावर ओरखडे. "घेऊन जा. माझ्या पोरांना आज अंडी देतो. पण मला बघायला बोलवायचं."

तिने बोलावलं. कापलेल्या कलेजीच्या मधोमध सुईने शिजवलेला लिंबाएवढा फिकट गोळा दिसला, तेव्हा तो बराच वेळ वाकून बघत राहिला. ती मात्र त्याच्या कानामागच्या कुरळ्या बटेकडे बघत होती... आणि पकडली गेली. त्यानंतर तो या ना त्या निमित्ताने येतच राहिला.

एका संध्याकाळी मात्र तो हसला नाही. ज्या मावशीने त्याला लहानाचं मोठं केलं, तिच्या यकृतात गाठ निघाली होती. हृदय अशक्त, पोट उघडणं धोक्याचं. डॉक्टरांनी मायक्रोवेव्हचा उपचार सुचवला होता.

"होईल ना बरी?" त्याने स्कॅनचे फोटो तिच्यापुढे सरकवले.

'हो' म्हणणं किती सोपं होतं. तिने फोटो उजेडात धरले.

"गाठ लहान आहे, हे चांगलं आहे. पण शेजारी मोठी रक्तवाहिनी आहे. वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं. एखादी कड जिवंत राहू शकते. मी 'नक्की' म्हणणार नाही."

"बरं," एवढंच म्हणून तो उठला.

मग फोन नाही, मेसेज नाही. खरं बोलून आपण माणूस गमावलं, असं तिला वाटू लागलं.

आणि एका दुपारी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा.

"चिडलो होतो," तो म्हणाला. "मग तुमचीच शंका डॉक्टरांना विचारली. त्यांच्याही मनात तेच होतं. त्या बाजूला सुई दुसऱ्यांदा घालणार आहेत. आणि मावशी म्हणते, तोंडावर खरं सांगणारी सून..."

"सून?"

"मुलगी. मुलगी म्हणाली ती." त्याचे कान लाल झाले.

उपचाराच्या दिवशी दोघं बंद दारासमोरच्या बाकावर बसले. आपल्या हातून गेलेल्या कितीतरी सुया तिला आठवल्या. त्यांच्यासाठी असं कोण कोण बाहेर बसलं असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्याचा हात थंडगार पडला होता. तिने तो आपल्या हातात घेतला.

"तू जाऊ नकोस," तो म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

मावशी बाहेर आली ती कुरकुरतच. "एवढंसं भोक? मी उगाच चार रात्री जागले." मग त्यांचे गुंतलेले हात बघून तिने शहाण्यासारखे डोळे मिटून घेतले.

महिन्याभराने नवा स्कॅन आला. गाठीच्या जागी नुसता गडद डाग, कडा स्वच्छ. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं होतं, पण आज तरी मावशी मोकळी होती.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो रेंगाळला.

"कलेजी झाली, मावशी झाली... आता तुला फोन करायला माझ्याकडे काही कारणच उरलं नाही."

"विनाकारण कर ना," ती म्हणाली. "मी उचलेन."

ती चार पायऱ्या उतरली नसेल, तोच पर्समधला फोन वाजला. मागे वळून न बघता तिने तो कानाला लावला.

"बोल."

"कारण काहीच नाही," मागून आणि फोनमधून तोच आवाज आला. "फक्त... तू आवडतेस."