सनद येईपर्यंत

भर दुपारी तो धापा टाकत पाट्या रंगवण्याच्या दुकानात शिरला आणि ब्रश धरलेला तिचा हातच त्याने धरला.

"तो शब्द नका रंगवू!"

तिने आधी हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. विस्तव लागल्यासारखा त्याने हात सोडला.

"तुमच्या आत्याबाई सांगून गेल्यात," ती म्हणाली. "नावाआधी ॲडव्होकेट. चांगलं ठसठशीत."

"आत्याला आनंद झालाय… पण मी अजून ॲडव्होकेट नाही. कायद्याची परीक्षा पास झालोय, बस. सनद हातात पडली, की कोर्टात उभं राहता येतं, आणि मगच तो शब्द नावाला लावायचा. तोवर मी मोठ्या वकिलांकडे मसुदे लिहितो."

"मग काय लिहू? होऊ घातलेले?"

"नुसतं नाव."

"एवढ्या पाटीवर नुसतं नाव? उघडंबोडकं दिसेल."

तो हसला. ओला रंग पुसायला त्याने स्वतःचा रुमाल पुढे केला. मग काय, रोजच येऊ लागला. कधी रंग वाळला का बघायला, कधी खिळे राहिले म्हणून. चार वाजले की तिलाही रस्त्याकडे बघायची खोड लागली.

दोन महिन्यांनी आत्या त्याला घेऊन तिला मागणी घालायला आल्या. "मुलगा ॲडव्होकेट आहे हं आमचा," बसता बसताच त्यांनी ठोकून दिलं. तिच्या बाबांचा चेहरा फुलला. तिने मात्र त्याच्याकडे पाहिलं. तो गप्प बसला, तर लग्न ठरत होतं. पण मग तिलाच तो नकोसा झाला असता. आणि बोलला, तर…

"नाही काका," तो म्हणाला. "सनद यायची आहे अजून. कधी येईल, सांगता येत नाही."

आत्यांनी कपाळाला हात लावला. बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"तीस वर्षं दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधल्या मी," ते म्हणाले. "सगळे मला डॉक्टर म्हणायचे. दरवेळी सांगायचो, बाबांनो, कंपाउंडर आहे मी. जड जायचं हो… या, इकडे जवळ बसा."

ती लगबगीने चहा ठेवायला आत गेली.

निघताना तो दाराशी रेंगाळला. "ॲडव्होकेट तर म्हणता येणार नाही. मग काय म्हणाल मला?"

"विचार करून सांगते."

"किती दिवस?"

"कोर्टासारखी तारीख देऊ का?"

तो पायऱ्या उतरून कोपऱ्यापर्यंत गेला. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि हलकेच हाक मारली —

"अहो…"

तो गर्रकन वळला.

"काही नाही," ती म्हणाली. "नुसतं म्हणून बघितलं."