डोळे आखणारीची वाट

समोरासमोर दोन सायकली आल्या आणि मधे उघाडीवरची एवढीशी फळी.

"मागं व्हा," मनस्वी म्हणाली.

"माझी सायकल मागं जात नाही," समोरचा म्हणाला.

"कुणाचीच जात नाय. माणूस मागं जातो, सायकल त्याच्यासंगती जाते."

तो हसला, पण हलला मात्र नाही. मार्गशीर्षातली सकाळ होती. गडबच्या मागं खाडीच्या अंगाला मातीचा लांबच लांब बांध आहे, भातशेतीला खारं पाणी लागू नये म्हणून घातलेला. त्या बांधाला पाणी सोडायचं दार असतं, त्यालाच उघाडी म्हणायचं. खाली चिखल, वर धुकं, आणि मधे हे दोघं — एक काळ्या चष्म्यातला, डोक्याला हेल्मेट बांधलेला. दुसरी पंजाबी ड्रेसवर आईचा स्वेटर चढवलेली, कॅरियरला जेवणाचा डबा लावलेली.

शेवटी त्यानं काय करावं? सायकल एका हातानं उचलली, डोक्यावर धरली आणि फळीच्या अगदी कडेला सरकून उभा राहिला. मनस्वी त्याच्यासमोरून अगदी अंग चोरून गेली. जाता जाता त्याच्या हेल्मेटवरचं दव तिच्या मनगटावर टपकलं.

"केवढी हलकी," ती वर बघत म्हणाली. "खायला घालत नाय वाटतं तिला."

"घालतो. पण पळवून पळवून सगळं जिरवतो."

आता असं बोलल्यावर माणूस लगेच पुढं कसा जाईल? मनस्वीनं पाय टेकले. तो साहिल, रोह्याचा. धाटावच्या एका कंपनीत शिफ्टवर. सुट्टी मिळाली की सायकल काढायची आणि जिथं गाड्यांचा आवाज पोचत नाही असे रस्ते शोधत फिरायचं, हा त्याचा नाद. नागोठणं सोडलं की हायवेला न लागता किती लांब जाता येतं ते बघायला निघाला होता, तो इथून पुढं जाऊन आता परत फिरला होता.

"तुम्ही तर रोजच्या दिसता. पेणलाच ना? हायवेनं गेलात तर लवकर पोचाल की."

"मी पोचीन. माझा हात नाय पोचायचा."

त्याला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. ती पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायला आहे. मूर्ती घडते, रंगते, दागिने चढतात आणि सगळ्यात शेवटी डोळे. बारीक कुंचला, श्वास धरायचा, आणि एका ओढीत पापणीची रेघ. रेघ थरथरली की देव बघतच नाही माणसाकडं, नुसता रंगवलेला दिसतो. हायवेनं, डोलवीच्या बाजूनं ट्रेलर अंगावर घेत सायकल मारली की तिचा हात दुपारपर्यंत कापत राहायचा. म्हणून ही वाट. लांबची, पण शांत.

"आणि वाटेत काय बघता?"

"बगळा बघते, खंड्या बघते. पाण्याकडं एकटक लावलेली नजर असते त्यांची. तीच जाऊन उतरवते."

साहिलनं चष्मा काढला. का कुणास ठाऊक, त्याला वाटलं हिच्यापुढं डोळे झाकून उभं राहणं बरं नव्हे.

तिथून सुरू झालं. त्याची सुट्टी असेल त्या दिवशी बांधावर दोन घंट्या वाजायच्या. तो रोह्याहून अंधारात निघायचा आणि सूर्य वर यायच्या आत उघाडीपाशी हजर. तिथून पेणच्या वेशीपर्यंत तो तिच्या चालीनं चालायचा, म्हणजे त्याच्या सायकलीला जवळजवळ झोपच लागायची. एकदा तिनं डब्यातली कडव्या वालांची उसळ आणि तांदळाची भाकरी काढून दिली. तो डोळे मिटून खाऊ लागला.

"तिखट झाली?"

"नाही. देवाचे आभार मानतोय."

"आभार माझ्या आईचे मान. देव वाल सोलायला येत नाय."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं उगाचच घंटी वाजवली, आणि त्यानंही. खाडीचं पाणी लखलखत होतं. पेणच्या पहिल्या घरांच्या गच्च्यांवर पोह्यांचे पापड वाळत घातलेले… आणि तिला उगाचच वाटलं, आज सगळं जग धुऊन वाळत घातलंय.

त्या आठवड्यात तिनं आखलेले डोळे बघून कारखान्याचे शेठ बराच वेळ मूर्तीपुढं उभे राहिले होते. मग त्यांनी हात जोडले.

आणि मग साहिलनं घोटाळा केला. वाईट मनानं नाही. आपल्याला गोड लागलेला घास चारचौघांना वाटावा, अशा मनानं. त्याच्या सायकलवाल्या मित्रांचा एक ग्रुप होता, रोह्यापासून पनवेलपर्यंतचा. 'असा रस्ता उभ्या जिल्ह्यात नाही,' म्हणून त्यानं बांधाची वाट त्यांना दाखवली. रविवारी ते आले, रंगीबेरंगी, हसतखेळत. कुणीतरी व्हिडिओ काढला. पुढच्या रविवारी सायकलींबरोबर मोटारसायकली आल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात रोज सकाळी येऊ लागल्या, गाणी लावून. खंड्या उडाला, बगळे पलीकडच्या खाजणात गेले. एका सकाळी उघाडीवर एका मोटारसायकलीनं मनस्वीला घासून ढकललं. लागलं फारसं नाही. डबा मात्र चिखलात गेला.

घरी आईनं सायकल भिंतीला लावली ती लावलीच. मनस्वी सहा सीटर रिक्षानं हायवेवरून जाऊ लागली. हात कापायला लागला. एका मूर्तीची पापणी वाकडी गेली, मग दुसरीची. शेठ माणूस चांगला, रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "थोडे दिवस पीतांबर रंगव."

आखणी करणाऱ्याला पीतांबर रंगवायला सांगणं म्हणजे काय, ते पेणमध्ये कुणाला समजवावं लागत नाही.

साहिलचा फोन आला तेव्हा ती एवढंच बोलली, "माझे डोळे होते ते. तू वाटून टाकलेस." पुढं तिनं फोन उचलला नाही.

घरात आता आईनं ठाण्याच्या एका स्थळाचा विषय काढला होता. "आखणी सुटलीच हाय तर आता कशाला थांबायचं?" आई म्हणाली. मनस्वी नखांवरचा पिवळा रंग खरवडत राहिली.

माघाच्या शेवटी गावात सप्ताह बसला. रात्री कीर्तन, पहाटे काकडा, आणि सातही दिवस अखंड वीणा. वीणा एकदा गळ्यात घेतली की सप्ताह उठेपर्यंत ती खाली टेकवायची नाही. एकानं उभं राहून नाम घ्यायचं, त्याचा पहारा संपला की दुसऱ्यानं घ्यायची. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. तिथं लहानमोठं बघत नाहीत. मनस्वीचे बाबा पुंडलिक गावचे जुने विणेकरी.

त्या दुपारी त्यांचा पहारा संपत आला होता. पेणहून विशाल नावाचा एक पोरगा वीणा घ्यायला यायचा होता, त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. मांडवात माणूस नाही. शेजारच्या बायजाबाई तेवढ्या खांबाला टेकून फुलांच्या माळा ओवत, डुलक्या घेत बसलेल्या. इतक्यात एक घामेजलेला तरुण आला, बूट काढून, हात जोडून वीणेसमोर उभा राहिला. पुंडलिकरावांनी त्याच्या तोकड्या चड्डीकडं बघितलं, सुस्कारा टाकला, खांद्यावरचा पंचा त्याच्या कमरेला गुंडाळला, वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"राम कृष्ण हरी म्हण. थांबू नको," ते म्हणाले आणि जेवायला निघून गेले.

एवढा वडीलधारा माणूस पाया पडल्यावर 'मी तो नव्हे' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? साहिल वीणा छातीशी धरून उभा राहिला.

मनस्वी पाण्याचा तांब्या घेऊन मांडवात आली, आणि थबकली.

"तू?"

"राम कृष्ण हरी," साहिल म्हणाला.

"इथं काय करतोस?"

"तुझ्या बाबांनी… राम कृष्ण हरी… मला दुसराच कुणी समजून उभं केलंय. आता खाली ठेवता येत नाही ना?"

"नाय येत."

"आणि सोडून जाताही येत नाही."

"नाय."

"मग आज तुला माझं ऐकावंच लागेल. राम कृष्ण हरी."

मनस्वीनं तांब्या ठेवला. हसू येत होतं, ते तिनं दातांखाली दाबलं. "जायला मला कुणी धरलेलं नाय," ती म्हणाली. पण गेली नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मला वाटलं, चांगली वाट म्हणजे सगळ्यांना दाखवायची. ती कुणाची तरी रोजची आहे हे ध्यानातच आलं नाही. तो व्हिडिओ पुसून टाकायला लावलाय. ग्रुपला कुंडलिका नदीच्या काठचा दुसरा रस्ता शोधून दिलाय. आणि बांधाच्या फाट्यावर तुमच्या गावच्या माणसांनी दगड रोवलेत, सायकल तेवढी जाईल एवढीच फट ठेवून. मी नुसता दगड उचलायला हात लावला. राम कृष्ण हरी."

"खोटं."

"खरं हाय गो," खांबाकडून आवाज आला. बायजाबाईंचे डोळे मिटलेलेच होते. "आमच्या ह्यांनीच दगड दावले त्याला. चार सकाळ राबला. आनि बोल रे तू, बोल. देव बहिरा नाय, मी पन नाय."

मनस्वी खाली बघू लागली. ती तिकडून जातच नव्हती, तिला कळणार कसं?

"बगळे आले?" तिनं हळूच विचारलं.

"आले. खंड्या मात्र अजून रागावलाय तुझ्यासारखा… म्हणून इथं आलो. म्हटलं, तू बोल नाहीतर नको बोलू. ज्या गावच्या वाटेनं मला एवढं दिलं, त्या गावच्या देवाला हात जोडून जावं. तर देवानं हातात हे दिलं."

"आणि?"

"आणि… राम कृष्ण हरी… पेणला खोली बघून ठेवलीय. स्टेशनजवळ."

"कशाला?"

"शिफ्टला मी गाडीनं रोह्याला जाईन. तू कुठंच जायचं नाहीस. तुझा कारखाना तिथंच, आणि तुझी वाट पेणच्या वेशीपासूनच. माझं काय, मला तर फिरायची सवयच आहे."

मांडवाच्या कनातीतून उन्हाची एक तिरीप त्याच्या चेहऱ्यावर पडली होती. मनस्वीनं त्याच्या डोळ्यांकडं बघितलं, रोजच्या कामात बघते तसं, रेघ कुठून सुरू होते, कुठं थांबते… आणि तिला जाणवलं की आपला श्वास आपण धरून ठेवलाय.

"हे मला विचारून केलंस?"

"विचारतोय ना. राम कृष्ण हरी."

"देवाला विचारतोस का मला?"

"दोघांना. देवानं अजून नाही म्हटलेलं नाही."

तेवढ्यात पुंडलिकराव हात पुसत आले, आणि त्यांच्यामागून धापा टाकत दुसराच एक पोरगा. "काका, मी विशाल, पेणहून. गाडी पंक्चर झाली."

पुंडलिकरावांनी एकदा त्याच्याकडं आणि एकदा साहिलकडं बघितलं. "मग ह्यो कोन?"

बायजाबाईंनी माळेची गाठ मारली. "तुज्या पोरीला विचार," त्या म्हणाल्या.

बाबा लेकीकडं वळले. ठाण्याचं स्थळ, भिंतीला टेकलेली सायकल, पीतांबराचा पिवळा रंग लागलेली तिची नखं, सगळं त्यांच्या नजरेत येऊन गेलं असावं. "कोन गो ह्यो, मनू?"

"बाबा," ती म्हणाली, "उद्यापासून मी बांधावरून कामाला जाणार हाय. शेठना सांगीन, डोळे मीच आखीन." मग तिनं ओढणी कमरेला खोचली. "आणि दुपारचा पहारा बायकांनी घेतला तर चालतो ना? वीणा मी घेते."

ती साहिलसमोर जाऊन उभी राहिली. त्यानं वीणा काढून तिच्या गळ्यात घातली. नियमच तो, त्याला कोण काय बोलणार? भर मांडवात, वडिलांच्या देखत, तो तिच्या पायांशी वाकला. त्याच वेळी तीही वाकली, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. बायजाबाई गालात हसल्या. पुंडलिकरावांनी देवाकडं बघत हात जोडले. तक्रार होती की आभार ते त्यांनाच ठाऊक, पण त्यांचे डोळे भरले होते.

मनस्वीनं वीणा नीट धरली. तार छेडली. हात जराही कापला नाही.

"मग मी… निघू?" साहिलनं विचारलं.

"राम कृष्ण हरी," ती म्हणाली. एकदा, दोनदा. मग नाम घेता घेताच, त्याच लयीत, फक्त त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कुठं निघतोस? माझ्यानंतरचा पहारा तुझा. आजचा, आणि पुढचे सगळे."

साहिल निघाला नाही. विशालला त्यानं शेजारी जागा करून दिली, पुंडलिकरावांनी पुढं केलेले टाळ घेतले, आणि तिच्या पायांपाशी मांडी घालून बसला.